शिक्का पाच तारखेचा

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. दुपारचे अडीच वाजून गेले होते. शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात टेबलावर मतपत्रिका उघडून ठेवलेली होती आणि आजी भिंग घेऊन ती तिसऱ्यांदा वाचत होत्या. वाचण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. कॅलिफोर्नियाची ती खास निवडणूक एकाच प्रश्नावर होती, प्रस्ताव क्रमांक ५०. अमेरिकी संसदेच्या मतदारसंघांचे नवे नकाशे मान्य आहेत की नाहीत, एवढंच सांगायचं होतं. पण आजींचं वय सत्त्याऐंशी, आणि मत देणं हे त्यांच्या लेखी घाईनं उरकायचं काम नव्हे. "जरा तिकडे बघ," असं त्या मला म्हणाल्या. मी खिडकीतून अक्रोडाच्या बागेकडे बघत बसले आणि त्यांनी आपलं मत नोंदवलं.

मी त्यांना आजी म्हणते ते मनातल्या मनात. तोंडावर नावानंच हाक मारायची इकडची रीत आहे. आमचं गाव सॅक्रामेंटोच्या उत्तरेला सव्वाशे मैलांवर. अक्रोड, बदाम, ऑलिव्ह यांच्या बागा, मधून जाणारा महामार्ग, एक शाळा, एक पोस्ट. माझ्या नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो आणि इथलेच झालो. आजींचा नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली. मुलं लांब आहेत. त्यामुळे दवाखाना, बँक, मतपत्रिका अशा कामांना मी त्यांच्याबरोबर असते.

घडी घालून मतपत्रिका पाकिटात गेली. पाकिटाच्या पाठीवर मतदारानं सही करायची, पत्ता लिहायचा, तारीख घालायची. नोंदणीतल्या सहीशी ही सही ताडून बघतात, म्हणून आजींना सहीची फार धास्ती. हात थरथरतो. त्यांनी आधी जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दोनदा सही करून पाहिली, मग दम घेतला आणि पाकिटावर केली. खाली तारीख घातली, महिना आधी आणि दिवस नंतर, इकडच्या पद्धतीनं. निळ्या शाईतला तो चारचा आकडा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. खालची उभी रेघ थोडी लांबलेली होती.

मी म्हटलं, "गाडी काढते. कौंटीच्या मतपेटीत टाकून येऊ." ती पेटी अठरा मैलांवर. आजी नको म्हणाल्या. त्यांचे यजमान चाळीस वर्षं पोस्टाबाहेरच्या निळ्या पेटीतच मत टाकत आले होते, आणि त्यांनाही तसंच हवं होतं. आम्ही चालत गेलो. तीन वाजायला आले होते. पोस्टाची खिडकी उघडी होती, आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. आजींनी पेटीचं झाकण ओढलं, पाकीट आत सोडलं, पुन्हा एकदा झाकण उघडून ते खाली पडल्याची खात्री केली. कायदा सांगतो की पाकिटावर निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा शिक्का हवा आणि ते पुढच्या सात दिवसांत पोचायला हवं. आम्ही निवडणुकीच्या दिवशी, दिवसाउजेडी, पोस्टाच्या दारात उभ्या होतो.

दहाबारा दिवसांनी मी फोनवर त्यांच्या मतपत्रिकेचा ठावठिकाणा पाहिला. कॅलिफोर्नियात तशी सोय आहे. मतपत्रिका छापून निघाली, मिळाली, मोजली, हे सगळं कळतं. तिथे लिहिलं होतं की मतपत्रिका उशिरा आली, म्हणून मोजली गेली नाही.

मला वाटलं, काहीतरी गफलत असणार. मी कौंटीच्या निवडणूक कार्यालयात फोन केला. पलीकडच्या बाई फार सौजन्यानं बोलल्या. पाकीट सात दिवसांच्या आत पोचलं होतं, सहीही जुळली होती. पण शिक्का होता ५ नोव्हेंबरचा.

मी म्हटलं, "अहो, पण पाकिटावर त्यांनी स्वतःच्या हातानं चार तारीख घातलीय!"

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत बसलेच. पाकिटावर शिक्का उमटलाच नसता, किंवा फिसकटून वाचता न येण्यासारखा उमटला असता, आणि तारीख दुसरीकडून कुठून कळत नसती, तर कायद्यानं मतदाराच्या हातची तारीख धरली असती. तेव्हा आजींचं मत मोजलं गेलं असतं. शिक्का स्वच्छ उमटला होता, म्हणून ते गेलं.

मी पोस्टमास्तरांची मुलगी आहे. सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात, अण्णांच्या बदलीच्या गावांत माझं लहानपण गेलं. कुठेही गेलो तरी पुढे पोस्ट आणि मागे आमच्या दोन खोल्या. सकाळी पोस्ट उघडलं की अण्णांचं पहिलं काम म्हणजे तारखेच्या शिक्क्यातले खिळे बदलणं. चिमट्यानं कालचा आकडा काढायचा, आजचा बसवायचा, मग एका वहीत ठसा उमटवून तो नीट वाचता येतो ना ते बघायचं. त्या वहीत रोजचे ठसे ओळीनं मांडलेले असत. आम्हां मुलांना शिक्क्याला हात लावायची परवानगी नव्हती. एकदा माझ्या भावानं गंमत म्हणून आपल्या पाटीवर ठसा मारला, तेव्हा अण्णा त्याला रागावले नाहीत, पण जवळ बसवून म्हणाले, "बाळ, हा ठसा म्हणजे सरकारनं दिलेला शब्द आहे. या तारखेला हे पत्र आमच्या हाती आलं, असा शब्द."

तो शब्द अण्णा देऊ शकत होते, कारण पत्र ज्या पोस्टात पडलं त्याच पोस्टात त्याच्यावर ठसा उमटत होता. संध्याकाळी थैली बांधून, सील करून एसटीनं कऱ्हाडला जायची, त्याच्या आधी प्रत्येक पत्रावर ठसा पडलेला असायचा. एसटी चुकली तर पत्र दुसऱ्या दिवशी जाई, पण ठसा आदल्या दिवसाचाच राही. माणसानं आपलं काम केव्हा केलं आणि टपालानं आपलं केव्हा केलं, हे दोन्ही त्यातून वेगवेगळं कळत असे.

इथे आता तसं नाही. शिक्के गावच्या पोस्टात मारले जात नाहीत, ते मोठ्या प्रक्रिया केंद्रातलं यंत्र मारतं. सबंध कॅलिफोर्नियात अशी मोजकीच विभागीय केंद्रं आहेत. आमच्या बाजूचं टपाल वेस्ट सॅक्रामेंटोला जातं. हेही एके काळी चालून जाई, कारण संध्याकाळची गाडी यायची, दिवसभराचं टपाल उचलायची, आणि यंत्र मध्यरात्रीच्या आत त्या दिवसाची तारीख उमटवायचं. टपालखात्यानं २०२१ मध्ये खर्च कमी करण्यासाठी दहा वर्षांची योजना आणली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून साध्या पत्रासाठीची मुदत तीन दिवसांवरून पाच दिवसांपर्यंत वाढवली. पुढे विभागीय केंद्रापासून पन्नास मैलांपेक्षा लांबच्या पोस्टांची संध्याकाळची उचल हळूहळू बंद होत गेली. गाडी सकाळी एकदाच येते, आलेलं टपाल टाकते आणि आदल्या दिवशीचं घेऊन जाते. दुपारी तीनला पेटीत पडलेलं पाकीट रात्रभर गावातच थांबतं. दुसऱ्या दिवशी ते केंद्रावर पोचतं आणि यंत्र आपल्या दिवसाची तारीख मारतं.

यात कोणा एकाचा दोष काढता येत नाही. गाडीवाला ठरल्या वेळी आला, ठरल्या वेळी गेला. निवडणूक कार्यालयातल्या बाईंनी कायद्यात लिहिलं होतं तेच केलं. दिवसाच्या आत मत टाकायचं काम आजींनीही चोख केलं होतं. आणि तरी त्यांचं मत गेलं.

खरं म्हणजे इशारा मिळाला होता. ऑक्टोबर २०२५ मध्येच राज्याच्या ॲटर्नी जनरलनी आणि सेक्रेटरी ऑफ स्टेटनी जाहीर सांगितलं होतं की केंद्रांपासून लांब राहणाऱ्या मतदारांनी निवडणुकीच्या दिवशी टपालपेटीवर विसंबू नये. मी ती बातमी वाचलीही होती. वाचून पान उलटलं. त्या दिवशी खिडकी उघडी होती, रांग नव्हती. आत जाऊन पाकिटावर हातानं शिक्का मारून मागितला असता तर फुकट मारून मिळाला असता. मला ते सुचलं नाही, आणि त्याची बोच अजून आहे.

डिसेंबरच्या २४ तारखेपासून टपालखात्यानं आपल्या नियमपुस्तकातच हे स्पष्ट लिहून टाकलं. यंत्राच्या शिक्क्यावरची तारीख म्हणजे पत्र खात्याच्या ताब्यात आलं ती तारीख असेलच असं नाही, असा त्याचा मतलब. मी तो मजकूर दोनदा वाचला आणि मला अण्णांची ती ठशांची वही आठवली. खात्यानं खरं तेच सांगितलं, पण निवडणुकीचे कायदे अजून त्या जुन्या शब्दावर उभे आहेत. शिक्का पाहिला की तारीख कळली, असं ते धरून चालतात. कराचे कागद, कोर्टाचे कागद, सगळीकडे हेच आहे. मात्र कर उशिरा भरला तर दंड भरून सुटता येतं. उशिरा ठरलेल्या मतासाठी कुठे दंड भरायचा?

आपल्याकडे शिक्क्याचा प्रश्न येत नाही. भारतात टपाली मतपत्रिका मतमोजणी सुरू व्हायच्या ठरल्या वेळेपर्यंत, म्हणजे सहसा मोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडावी लागते. उशिरा आलेली पाकिटं उघडतही नाहीत, वेगळी बांधून ठेवतात. सैन्यातल्या मतदारांना २०१६ पासून कोरी मतपत्रिका संगणकावरून मिळू लागली, त्यामुळे जाण्याचा वेळ वाचला. परत मात्र ती टपालानंच येते. माझा मावसभाऊ सैन्यात होता, त्याच्यामुळे हे घरात बोललं जायचं. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्याचं मतदान ७ मे रोजी झालं आणि मोजणी ४ जूनला. मध्ये चार आठवडे. सीमेवरच्या जवानाचं पाकीट त्यात आरामात पोचतं. त्याच वर्षी विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला आणि मोजणी २३ ला. जवान तोच, चौकी तीच, टपालाचा रस्ता तोच, आणि हातात तीनच दिवस. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मत पोचतं की नाही हे मतदारावर जेवढं अवलंबून असतं, त्याहून जास्त कॅलेंडर ठरवणाऱ्यांवर असतं.

अमेरिकेत हे कॅलेंडर प्रत्येक राज्याचं वेगळं. पेनसिल्व्हेनियात निवडणुकीच्या रात्री आठपर्यंत पाकीट पोचलंच पाहिजे, शिक्का कुठलाही असो. न्यू जर्सीत शिक्का वेळेतला असेल तर सहा दिवस, इलिनॉयमध्ये चौदा. टेक्ससमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत, आणि तिथे टपालानं मत द्यायची मुभाही मुख्यतः पासष्टी ओलांडलेल्यांना, आजारी किंवा अपंगांना आणि परगावी असलेल्यांना. म्हणजे मुलाकडे येऊन राहिलेले आणि पुढे नागरिक झालेले आपले आईवडील त्यात येतात. कॅलिफोर्नियात २०१५ च्या आधी निवडणुकीच्या दिवशीच पोचावं लागे. मग तीन दिवस झाले, २०२० च्या साथीत सतरा, आणि आता सात.

टपाल मंदावत असताना हे दिवस वाढायला हवे होते. घडतंय उलटं. २०२५ या एकाच वर्षात कॅन्सस, नॉर्थ डकोटा, युटा आणि डिसेंबरमध्ये ओहायो, या राज्यांनी नंतरचे दिवस काढून टाकायचे कायदे केले. आता निवडणुकीनंतर आलेलं पाकीट स्वीकारणारी चौदा राज्यं उरली आहेत. मिसिसिपी राज्य पाच कामकाजी दिवस देतं, त्यावरचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आहे. देशाच्या कायद्यानं निवडणुकीचा एक दिवस ठरवला आहे, तर त्या दिवसानंतर हाती आलेलं मत धरायचं की नाही, असा तो वाद. न्यायालयानं हा खटला ऐकायचं ठरवलं ते १० नोव्हेंबरला, आजींचं मत बाद व्हायच्या त्याच दिवसांत. मी फेब्रुवारी २०२६ मध्ये हे लिहितेय तेव्हा सुनावणी अजून व्हायची आहे.

उलट बाजूचं म्हणणं मला कळतं. निकाल दोनदोन, तीनतीन आठवडे लांबतो, रोज आकडे हलतात, आणि हरणाऱ्याच्या मनात संशय शिरतो. संशय शिरला की निवडणुकीवरचा विश्वास उडतो. ही गोष्ट मी उडवून लावणार नाही. निकाल लवकर हवा असेल तर आलेली पाकिटं आधीपासून तपासून ठेवा, माणसं वाढवा, यंत्रं वाढवा. पण एका बाजूनं गाडी बंद करायची आणि दुसऱ्या बाजूनं दिवस कापायचे, हे दोन्ही एकाच वेळी केलं तर मधल्या मध्ये सापडतो तो केंद्रापासून लांब राहणारा, म्हातारा, गाडी न चालवणारा माणूस. सॅन फ्रान्सिस्कोच्या माणसाला कोपऱ्यावर मतपेटी असते. आमच्या आजींना ती अठरा मैलांवर आहे.

आणखी एक गोष्ट मला खटकते. या दिवसांना सगळे सवलतीचे दिवस म्हणतात. सवलत उशीर करणाऱ्याला द्यायची असते. फी भरायला विसरलेल्या मुलाला शाळा सवलत देते. आजींनी काय उशीर केला होता? मत त्यांनी निवडणुकीच्या दिवशी दिलं, त्याच दिवशी हातातून सोडलं. पुढचे दिवस लागणार होते ते रस्त्याला. ते दिवस टपालाचे आहेत, आणि टपाल जितकं हळू तितके ते जास्त द्यायला हवेत. मतदार त्यात काही मागून घेत नाही.

अण्णांच्या वेळी नोकरीच्या जाहिरातींखाली एक ओळ हमखास असे, टपालातल्या विलंबास हे कार्यालय जबाबदार राहणार नाही. अर्ज घेऊन आलेल्या पोरांना अण्णा ती ओळ बोटानं दाखवत आणि म्हणत, "यूपीसी करून घे." थोडे पैसे भरले की पत्र अमक्या तारखेला पोस्टात दिल्याचा शिक्का मारलेला कागद मिळायचा. भारतात ती सोय २०११ साली बंद झाली. पण त्या कागदानं गरिबाच्या हातात एक पुरावा असायचा. माझं काम मी वेळेत केलं, हे तो कुणाहीपुढे ठेवू शकायचा. आजींच्या हातात तसं काहीच नव्हतं. पाकिटावर त्यांनी घातलेली तारीख होती, आणि ती यंत्राच्या शिक्क्याखाली हरली.

मत मोजलं गेलं नाही हे आजींना सांगायला मी चार दिवस घेतले. सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच विचारलं, "माझी सही चुकली होती का?" मी म्हटलं, "नाही हो. सही अगदी जुळली होती." त्यावर त्यांनी मान हलवली आणि उठून चहाचं आधण ठेवलं. प्रस्ताव ५० मोठ्या फरकानं मंजूर झाला होता. एका मतानं काही बदललं नसतं, असं मला दोघांतिघांनी ऐकवलं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण वर्तमानपत्राच्या कडेवर दोनदा सही गिरवणारा तो हात त्यांनी पाहिला नव्हता.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी पुन्हा पोस्टात गेलो. मला कऱ्हाडला बहिणीला पत्र पाठवायचं होतं. मी खिडकीवरच्या माणसाला म्हटलं, "यावर हातानं शिक्का मारून द्याल का? आजच्या तारखेचा." त्यानं कुरकुर केली नाही. खालच्या खणातून गोल शिक्का काढला, गादीवर टेकवला, पाकिटावर दाबला आणि कागद वळवून आम्हांला दाखवला. गावाचं नाव, राज्य, मध्ये तारीख. शाई थोडी ओली होती. आजींनी भिंग काढून तारीख वाचली आणि मला म्हणाल्या, "म्हणजे एवढंच मागायचं होतं."

अमेरिकेत राहणाऱ्या, टपालानं मत देणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला माझं सांगणं आहे. आपल्या राज्यात पाकीट पाठवण्याची तारीख मोजतात की पोचण्याची, हे आधी बघून ठेवा. टपालखातं स्वतःच सांगतं की पाकीट मुदतीच्या किमान आठवडाभर आधी टाका. ते जमलं नाही तर निळ्या पेटीकडे जाऊ नका. राज्यात मतपेटी असेल तर तिच्यात टाका. जिथे शिक्क्याची तारीख धरतात तिथे खिडकीशी जाऊन हातानं शिक्का मारून घ्या आणि तो नीट वाचता येतो ना ते बघा. घरात, शेजारी कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांचं पाकीटही आठवडाभर आधी विचारा.

कॅलिफोर्नियाची यंदाची प्राथमिक निवडणूक २ जूनला आहे. मतपत्रिका मेच्या पहिल्या आठवड्यात टपालात पडतील. आजींनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर १८ मे या तारखेभोवती निळ्या शाईनं गोल केला आहे.